जुनी डिझेल स्टेशन वॅगन: घाटात तापणं, सकाळी न उठणं, मागून बसणं. तपासणी कुठून सुरू करायची?

यवतेश्वर_रोड (सातारा)

नमस्कार मंडळी. आपल्या भागात जुन्या स्टेशन वॅगन अजून घरगुती वापरात आहेत. टाटा इंडिगो मरिना जास्त, एखाददुसरी ऑक्टाव्हिया कॉम्बी. मरिना २००४ मध्ये आली, म्हणजे गाड्यांची वयं सांगायला नकोत. त्यांची नेहमीची दुखणी एका जागी असावीत म्हणून हा धागा.

गॅरेजमध्ये वॅगनला सेडानसारखंच तपासतात, घोळ तिथेच होतो. वॅगनमध्ये डिक्की छतापर्यंत भरली जाते, भार मागच्या चाकांच्याही मागे जातो, आणि तोच भार घेऊन पसरणी किंवा यवतेश्वर घाट चढायचा असतो. म्हणून स्प्रिंग, मागचे बुश (सांध्यांतली रबरं), ब्रेक, क्लच आणि रेडिएटर लवकर थकतात. दुसरं म्हणजे मोजल्याशिवाय पार्ट बदलू नका. या गाड्यांत बहुतेक वेळा रबर, अर्थिंग, झाकण, गंजलेला कनेक्टर अशी स्वस्त वस्तूच दोषी निघते आणि बदलला जातो तो महागडा पार्ट.

सुरुवात तापण्यापासून. आधी गाडी नेमकी कुठे तापते ते ठरवा.

ट्रॅफिकमध्ये उभी असताना काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो: फॅनकडे बघा. एसी लावल्यावर फॅन फिरला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, रिले, फॅनचा कनेक्टर आणि शेवटी मोटरचे कार्बन ब्रश, याच क्रमाने. मोटरला बॅटरीवरून थेट करंट देऊन पाहिला की दोन मिनिटांत निकाल लागतो.

सपाटीला ठीक, घाटात किंवा हायवेला चढते: फॅन सोडा. रेडिएटर आतून चोंदलाय, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही, खालचा होज पाइप आत ओढला जाऊन चपटा होतोय, किंवा वॉटर पंप कमजोर आहे. खंबाटकीच्या घाटरस्त्याची चढण ही चांगली परीक्षा. बोगद्यातून गेलात तर ही चढण लागत नाही आणि दोष झाकलेला राहतो.

कुठेही तापते, आणि थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो: हेड गॅस्केट. इंजिन एवढ्यात गरमच झालेलं नसतं, म्हणजे तो दाब सिलिंडरमधूनच येतोय.

पाना१३ (सांगली)

यवतेश्वर भाऊ, चांगला धागा काढलात. आमच्याकडे तापण्याचं पहिलं कारण पाणी. मिरज-सांगली पट्ट्यातलं बोअरचं पाणी क्षाराचं. तेच वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये टॉप-अप केलं की नळ्यांत खडी धरते. बाहेरून रेडिएटर नवा दिसतो आणि आतल्या निम्म्या नळ्या बंद असतात. ओळखायची पद्धत अशी: गाडी पूर्ण गरम करून बंद करा, फॅन थांबल्यावर फॅनचा प्लग काढा आणि रेडिएटरच्या जाळीवर ठिकठिकाणी तापमान मोजा. मधेच एखादा पट्टा थंड लागला तर तिथे पाणी फिरत नाही.

कुलंट कधीही बॅटरीच्या पाण्यातच (डिस्टिल्ड वॉटर) मिसळा. आपल्या हवेत एक भाग कुलंट आणि दोन भाग पाणी पुरतं. गोठण्याचा प्रश्न नाही, गंज थांबवणं आणि उकळण्याचा बिंदू वाढवणं एवढंच काम आहे. हिरवं आणि लाल एकत्र ओतू नका, आधीचं पूर्ण काढून धुवा.

झाकणाकडे कुणी बघत नाही. त्यावर दाब छापलेला असतो, साधारण ०.९ किंवा १.१ बार. त्याच आकड्याचं झाकण घ्या. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. झाकणाचं रबर गेलं असेल तर खाली सांगलीत कधी न उकळणारी गाडी वर जाऊन पाणी फेकते, आणि मग विनाकारण हेड उघडलं जातं.

उसाच्या हंगामात एक वेगळंच काम निघतं. पाचट, चिपाड आणि धूळ एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसते. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ. वरचे ब्रॅकेट सोडून दोन्ही थोडे वेगळे करा आणि इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या पाइपने पाणी मारा. वॉशिंग सेंटरचं प्रेशर अजिबात नको, पत्र्याच्या पाकळ्या वाकतात आणि हवा कायमची बंद होते.

वॅगनवाला_कराड

दोन प्रश्न. घाटात एसी बंद करून केबिनचा हीटर फुल केला की काटा खाली येतो, याचा अर्थ काय? आणि गॅरेजवाले म्हणतात थर्मोस्टॅट काढूनच टाका. काढू का?

पाना१३

हीटरने काटा उतरतो म्हणजे पाणी फिरतंय, पंप जिवंत आहे. उष्णता बाहेर टाकायला जागा कमी पडतेय, आणि हीटरचा छोटा रेडिएटर ती उणीव भरतोय. तुमचा दोष मोठ्या रेडिएटरमध्ये किंवा त्याच्यापुढच्या कचऱ्यात आहे.

थर्मोस्टॅट काढू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की काही पाणी रेडिएटरला न जाता बायपासमधूनच परत इंजिनात येतं, आणि भर घाटात गाडी उलट जास्त तापू शकते. एरवी इंजिन थंड चालतं, धूर आणि डिझेल दोन्ही वाढतं. तपासायचा असेल तर पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटरसोबत बुडवा. त्याच्यावर छापलेल्या अंशाला (८२, ८८ असं काही) उघडायला सुरुवात व्हावी आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडावा. गॅस्केट किंवा ओ-रिंग नवी टाका. बसवल्यावर हीटर चालू ठेवून हवा काढा, नाहीतर आत अडकलेली हवाच गाडी तापवेल.

मिरज_डिझेल

आता सकाळी न उठण्याचं. मरिनाचं जुनं १४०५ सीसी डिझेल हे आयडीआय इंजिन आहे, डिझेल आधी छोट्या चेंबरमध्ये जळतं. त्या चेंबरच्या भिंती थंड असल्या की दाबाची गरमी तिथेच शोषली जाते, म्हणून हिटर प्लगशिवाय (चेंबर तापवणारी विजेची कांडी) थंडीत ते नीट उठत नाही. पुढचं याच इंजिनापुरतं आहे, नंतरच्या कॉमन रेल डायकोर इंजिनाला तसंच्या तसं लावू नका.

पहिलं काम, सेल्फ किती वेगाने फिरतोय. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर ९.६ व्होल्टच्या खाली जायला नको. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. बॅटरी ठीक असून सेल्फ रडत असेल तर मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी थेट इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूला लावून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी खराब. गिअरबॉक्स आणि बॉडीमधली ही विणलेली पट्टी आतून हिरवी पडते. ती बदलायला बॅटरीच्या किमतीचा छोटा भागही लागत नाही, तरी लोक बॅटरीच बदलून येतात.

दुसरं, हिटर प्लग. चारही प्लगना जोडणारी पट्टी काढा, एकेक प्लग ओहममध्ये मोजा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा खाली दाखवतो. मीटरच्या तारांचा स्वतःचा रोध आधी मोजून वजा करा, कारण एवढ्या छोट्या आकड्यात तोच फसवतो. काहीच आकडा आला नाही तर प्लग मेला. चारही ठीक असतील तर चावी फिरवून पट्टीवर करंट येतोय का बघा, नसेल तर रिले किंवा जाड फ्यूज. डॅशवरचा पिवळा दिवा लागतो म्हणजे प्लग तापतात असं नाही, दिवा फक्त वेळ सांगतो.

प्लग काढताना इंजिन कोमट ठेवा, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारा, आणि अडला तर मागे-पुढे करत काढा. जोर लावला की टोक हेडमध्ये तुटतं आणि मग हेड खाली उतरवावं लागतं. बसवतानाही हाताने आटे धरून शेवटी हलकाच पाना.

तिसरं, लाइन हवा धरणं. लक्षण ठरलेलं: उठते, चार सेकंद चालते, बंद पडते, मग बराच सेल्फ खाते. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत गेलेलं असतं. गळती बाहेर दिसेलच असं नाही, कारण टाकीपासून इंजिनवरच्या डिझेल पंपापर्यंतच्या लाइनमध्ये पंप ओढत असतो, डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक डिझेल पाइप लावा, बुडबुडे दिसतील. मग मागे मागे या: फिल्टरची रबर रिंग (जुनी तशीच ठेवून नवा फिल्टर लावलेला असतो), हातपंपाचा फुगा, नोझलवरचे बारीक रिटर्न पाइप, टाकीवरचे क्लॅम्प.

पंपाच्या सीलबद्दल थोडं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधक १० पीपीएमपर्यंत. डिझेलची घडण बदलली की जुन्या रोटरी पंपातलं कडक झालेलं रबर आकसतं आणि पंप पाझरायला लागतो. उपाय एकच, सील किट टाकून पंप टेस्ट बेंचवर लावून घेणं. सील बाहेरून एम-सील लावून बंद होत नाही. आणि ‘वंगण म्हणून’ डिझेलमध्ये दुचाकीचं ऑइल किंवा रॉकेल टाकू नका, पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये वंगणाची सोय केलेली असते.

यवतेश्वर_रोड

टायमिंग बेल्टचंही लिहा, सेकंडहँड घेणारे तेच विसरतात.

मिरज_डिझेल

बेल्टचा इतिहास माहीत नसेल तर तो संपलाय असं धरून बदला. तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. किलोमीटर कमी झाले म्हणून थांबू नका, पाच वर्षांत रबर स्वतःच म्हातारं होतं. बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलर बदला, क्रँक आणि कॅमचे सील पाझरत असतील तर तेही त्याच वेळी, कारण ऑइल लागलेला बेल्ट टिकत नाही. मार्क जुळवून झाल्यावर इंजिन पान्याने दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा आणि मार्क पुन्हा बघा. कुठे अडलं तर सेल्फ मारू नका. पंपाचं टायमिंग डायल गेजने करून घ्या, आवाजावरून नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

ब्रेकवर लिहितो, भरलेली गाडी घाट उतरते तेव्हा हाच विषय जिवाचा.

डिझेल इंजिनात ब्रेक बूस्टरसाठी (पेडलचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम आपोआप तयार होत नाही, वेगळा पंप लागतो. मरिनाच्या जुन्या डिझेलमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो आणि त्याला इंजिन ऑइलचा पाइप जातो. त्यामुळे एकाच जागी दोन दुखणी होतात. पंपाचं सील गेलं की ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरतं आणि चार्जिंग जातं. पंपाची पाती झिजली की ब्रेक पेडल लाकडासारखं होतं. चार्जिंगचा दिवा आणि कडक ब्रेक एकाच काळात सुरू झाले असतील तर दोन वेगळे दोष शोधत बसू नका. ऑइलचे रबरी पाइपही बघा, त्यांतला एक फुटला तर इंजिन ऑइल झपाट्याने बाहेर जातं.

घरच्या घरी तपासणी: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. तसंच दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर व्हॅक्यूमचा पाइप बूस्टरकडून काढून बोटाने ओढ बघा. ओढ चांगली असेल तर बूस्टर किंवा त्याच्या तोंडाचा एकमार्गी व्हॉल्व्ह गेलाय. ओढ नसेल तर पाइप आणि पंप. गेज लावणार असाल तर उंची लक्षात घ्या. सांगलीत हवेचाच दाब सुमारे ७१० मिलिमीटर पारा, महाबळेश्वरला ६५० च्या आसपास. खाली ६४० दाखवणारा निरोगी पंप वर ५८० दाखवेल, तो दोष नाही.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ पर्यंत येतं. पसरणी उतरताना सतत ब्रेक धरला तर तेवढी उष्णता होते, ऑइलची वाफ होते आणि पेडल तळाला जातं. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. मागचे ड्रम उघडले की व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून बघा, आत ओलं असेल तर दोन्ही बाजूंचे सिलिंडर बदला. मागच्या ॲक्सलला जोडलेला भार ओळखणारा व्हॉल्व्ह ज्या गाड्यांत आहे, तिथे त्याचा दांडा गंजून अडकलेला नाही ना हे बघा. तो रिकाम्या स्थितीत अडकला तर भरलेल्या गाडीत मागचे ब्रेक जवळपास कामच करत नाहीत.

पाना१३

मागून बसलेली गाडी. ‘मागचे शॉकअप बदला’ हे सगळीकडे ऐकाल, पण उंची शॉकअप धरत नाही, स्प्रिंग धरते. शॉकअप फक्त उड्या थांबवतो. गाडी रिकामी, हवा बरोबर, जमीन सपाट. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. डाव्या-उजव्यात १०-१५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर कमी बाजूच्या स्प्रिंगची खालची वळी तुटलेली असण्याची शक्यता मोठी. ती तुटकी वळी खालच्या वाटीत चिखलात बसलेली असते, धुतल्याशिवाय दिसत नाही.

स्प्रिंग जोडीने बदला, आणि वॅगनच्या नंबरचीच घ्या. मिळत नाही म्हणून स्प्रिंगच्या वळ्यांत रबरी बफर अडकवण्याची पद्धत आहे, ती वाईट. बफर जिथे बसतो त्या दोन वळ्या हलत नाहीत, ताण बाकीच्यांवर जातो, आणि धक्का थेट वरच्या माऊंटिंगला आणि पत्र्याला. माऊंटिंगच्या भोवती पत्र्याला केसाएवढी चीर दिसली तर आधी वेल्डिंग, मग बाकीचं.

मागचे टायर आतल्या कडेने खाल्ले जात असतील तर मागच्या लिंकचे बुश गेलेत. बुश दाबून नवे बसवले की बोल्ट हवेत घट्ट करू नका. चाकं जमिनीवर टेकवा, गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर येऊ द्या, मग शेवटचा टॉर्क. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना घट्ट केलेला बुश गाडी खाली आली की कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. बुशला शिव्या बसतात, चूक बसवण्याची असते. अलाइनमेंटला चारही चाकांचं मागा, नुसतं पुढचं करून मागचा टायर वाचत नाही. भरलेल्या गाडीची हवा दरवाज्याच्या पट्टीवर वेगळी दिलेली असते, ती वापरा.

वॅगनवाला_कराड

मागचा दरवाजा वर राहत नाही आणि मागचा वायपर कधी चालतो, कधी नाही. शिवाय काच उघडी असली की केबिनमध्ये सायलेन्सरचा वास येतो.

यवतेश्वर_रोड

वासाचं आधी, कारण त्यात धोका आहे. वॅगनचा मागचा भाग सरळ कापलेला असतो, पळताना त्याच्या पाठीमागे कमी दाबाचा खड्डा तयार होतो आणि धूर तिथेच घोटाळतो. दरवाज्याच्या रबरात फट असेल तर तो आत ओढला जातो, आणि पुढची काच उघडली की ओढ वाढते. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे थोडा वास येत असला तरी मागे मुलं झोपवू नका. तपासणी: कागदाची पट्टी दरवाज्यात धरून बंद करा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. सैल जागी आधी दरवाज्याचा लॉक-हूक सरकवून बघा, मग रबर. तळाचे रबरी बूच, वायरिंग जिथून आत येतं ते ग्रोमेट आणि मागच्या दिव्यांची गॅस्केट तपासा. सायलेन्सरचे जोड थंड इंजिन चालू करून, शेपटीला क्षणभर कापड धरून ऐका, गळती फुसफुसते.

ज्या फटीतून धूर येतो तिथूनच पावसाचं पाणीही येतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं. आत कोरडं करून टाल्कम पावडर भुरभुरा, बाहेरून पाइपने पाणी सोडा, पावडरवर वाट दिसते. छताच्या रेलिंगचे स्क्रू विसरू नका.

वायपरचं कारण बहुधा बिजागरीजवळच्या रबरी नळीत आहे. दरवाजा उघडबंद होताना तिथल्या तारा रोज वाकतात, आत तांबं तुटतं आणि बाहेरचं आवरण शाबूत राहतं. तोच दोष नंबर प्लेटचा दिवा, सेंट्रल लॉक आणि काचेच्या डिफॉगरला त्रास देतो. नळी सरकवून एकेक तार हलकी ओढा, तुटलेली रबरासारखी ताणली जाते. बारीक तारांची लवचीक वायर घ्या, तुकडा लांब ठेवा म्हणजे जोड वाकणाऱ्या जागेच्या बाहेर येतील, आणि सगळे जोड एकाच ठिकाणी न आणता मागे-पुढे करा. सोल्डर आणि स्लीव्ह. नुसती चिकटपट्टी एका पावसाळ्यात सुटते.

कृष्णाकाठ

सेकंडहँड वॅगन घेणाऱ्यांनी पुराचंही बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तिथे धोक्याची पातळी ४५ फूट. नंतर २०२१ मध्येही पूर आला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्या, स्टेपनीच्या खड्ड्यातली बारीक गाळमाती, कार्पेटखालचे कनेक्टर बघा.

बुडालेली गाडी असेल तर चावी लावूच नका. बॅटरीची तार काढा, हिटर प्लग काढा, इंजिन पान्याने फिरवून सिलिंडरमधलं पाणी बाहेर येऊ द्या. पाणी दाबलं जात नाही, सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, डिझेल सगळं बदला. गिअरबॉक्समध्ये पाणी वरच्या श्वासनळीतून शिरतं, त्यामुळे बाहेरून कोरडा दिसला तरी ऑइल काढून बघाच.

मिरज_डिझेल

पंधरा वर्षं पूर्ण होणाऱ्यांसाठी: नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५, मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून करता येतो, नोंदणी पाच वर्षांनी वाढते. पर्यावरण कर वेगळा. तपासणीत अडवतो तो धूर. बीएस-४ च्या आधीच्या डिझेलला मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट, बीएस-४ ला ५०. जाण्याआधी एअर फिल्टर नवा टाका, टर्बोचा रबरी पाइप खालून फाटलेला नाही ना हे हात फिरवून बघा, इंजिन पूर्ण गरम करा. तरी काळा धूर असेल तर नोझल बेंचवर तपासा, आणि बसवताना खालचे वायसर नवेच टाका.

वॅगनवाला_कराड

दरवाज्याचं राहिलं. मरिनाचे गॅस स्ट्रट मिळत नाहीत.

पाना१३

इंजिन, गिअरबॉक्स, पुढच्या ब्रेकचं बरंच सामान इंडिका-इंडिगोचं चालतं. मागची काच, मागचे दिवे आणि हे स्ट्रट मात्र वॅगनचेच. स्ट्रट मापाने जुळवता येतो. जुन्या नळीवर न्यूटनचा आकडा छापलेला असतो, अमुक इतकं एन, तो लिहून घ्या. दोन्ही डोळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत लांबी पूर्ण उघडा असताना आणि पूर्ण दाबलेला असताना मोजा, बॉल जोडाचा व्यासही घ्या. बंद लांबी जुन्यापेक्षा जास्त असलेला घेऊ नका, दरवाजा बंद करताना बिजागरी वाकेल. न्यूटन फार वाढवलात तर पत्रा पिळतो.

बदलताना दरवाजा मजबूत लाकडी टेकूवर ठेवा, एका वेळी एकच बाजू काढा. बॉलवरची स्प्रिंग क्लिप बारीक स्क्रूड्रायव्हरने फक्त सैल करा, पूर्ण उपसू नका. दरवाजा बंद असताना बारीक दांडा खाली आणि जाड नळी वर अशी दिशा ठेवा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. दोन्ही बाजू एकदमच बदला, एक नवा आणि एक जुना ठेवला तर दरवाजा तिरका ओढला जाऊन लॉक बसत नाही.